गादीचा कल शून्य

चातुर्मास बसला त्या दिवशी कुमुदिनी मगदूमनं जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, चातुर्मासाला उतरलेल्या साध्वी माताजींच्या पुढं हात जोडून जो नियम घेतला, तो जरा जगावेगळाच होता. बाकीच्या बायकांनी कुणी पालेभाजी सोडली, कुणी गोड सोडलं, कुणी रोज एक माळ जास्त फिरवायचं ठरवलं. कुमुदिनी म्हणाली, "माताजी, रोज एका माणसाचं एक मागणं मी मोडणार नाही."

माताजी हसल्या. "खायचं सोडणं सोपं असतं, बाई. हे निभेल का तुला?"

"निभवीन."

घरी आल्यावर तिचे यजमान भूपालराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गावात कळू देऊ नकोस. उद्या दारात रांग लागायची."

पण नियमामागचं कारण कुमुदिनीला ठाऊक होतं. कुरुंदवाडच्या त्या छोट्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या कक्षात ती एकतीस वर्षं सिस्टर होती, आणि ह्या एकतीस वर्षांत तिचं मुख्य काम होतं नकार देण्याचं. आत येऊ नका. हात लावू नका. मध चाटवू नका. काजळ घालू नका. दृष्ट काढायची तर बाहेर जाऊन काढा. बाळांच्या भल्यासाठीच सगळं, पण 'नाही' म्हणून म्हणून तिच्या जिभेला घट्टा पडला होता. सहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. जाताना थोडं मऊ होऊन जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

कक्षात आठ खाटा होत्या, आणि आठही बाळांच्या डोक्यावर टोपडं होतं. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण पहिल्या दिवशी सफाईवाल्या मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया, टोपडंच की हे!" तेव्हापासून डॉक्टरसुद्धा टोपडंच म्हणायला लागले.

बाळाच्या डोक्यावर, कपाळाच्या वर, हाडं अजून जुळलेली नसतात. बोट ठेवलं तर खाली नाडी उडताना लागते. ती टाळू. आत बघायला देवानं ठेवलेली खिडकीच म्हणा ना. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज त्या खिडकीतून आत सोडायचा. तो आतल्या शिरांवर, मेंदूच्या घड्यांवर आपटून परत येतो, आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र पडद्यावर उमटतं. पूर्वी डॉक्टर हातात यंत्र घेऊन यायचे, दोन मिनिटं बघायचे आणि जायचे. टोपड्याच्या आत, टाळूवर बसेल असा रुपयाएवढा मऊ पापुद्रा होता. तो दिवसरात्र बघत असे.

तो कशासाठी बघत असे, तर मुख्य म्हणजे हवेसाठी. एवढ्याशा बाळाच्या हातात सुई असते, नळीतून औषध जात असतं. औषधाबरोबर एखादा बुडबुडा गेला, तर एरवी तो हृदयातून फुप्फुसात जातो आणि तिथं विरून जातो. पण चुकून मेंदूच्या शिरांत पोचला, तर रक्ताची वाट अडवतो. रक्त पडद्यावर काळं दिसतं. हवेला मात्र लपता येत नाही. रक्तातून जाणारा आवाज हवेला लागला की जवळजवळ सगळाच मागं फिरतो, म्हणून सुईच्या टोकाएवढा बुडबुडाही काळ्या पडद्यावर पांढरा लखलखतो.

टोपडं बघून थांबत नसे. कारणही लिहून देई. औषधाचा पंप, गादीचा कल म्हणजे ती डोक्याकडं किती उचललीय ते, सिरिंज कुणी कधी बदलली, सगळं त्याला जोडलेलं होतं. दीड वर्षात त्याचं एकही अनुमान खोटं ठरलं नव्हतं. कक्षाचे डॉक्टर हेरवाडे म्हणायचे, "घरी सासूबाईंशी आणि इथं टोपड्याशी मी वाद घालत नाही."

नियमाला थोडे दिवस झाल्यावर एका सकाळी अकराच्या सुमाराला आक्काताई खोत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चार नंबरच्या बाळाची ही आजी. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, आता सतरा दिवसांचं. सून वैजयंता हिला लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं. काचेच्या पेटीतून परवाच ते उघड्या खाटेवर आलं होतं.

"सिस्टर, ते डोस्कं बघा की पोराचं," आक्काताई हळूच म्हणाल्या. "पपईगत लांबुळकं झालंय."

"कुशीवर झोपवतो ना आपण. होतं तसं. नंतर भरतं."

"कवा भरतंय? आमच्या धाकट्याचं तसंच ऱ्हायलं. अजून टोपी बसत न्हाई त्याला." त्यांनी पदराआडून तळहाताएवढी उशी काढली. जुन्या मऊ लुगड्याची, आत राई भरलेली. "धुतलीया, सात उन्हं दावलीत. जरा वेळ ठिवा डोस्क्याखाली. मी काय मागत न्हाई दुसरं."

असल्या उश्या कुमुदिनीनं एकतीस वर्षांत शेकड्यानं परत पाठवल्या होत्या. जीभ वळलीच होती. पण आक्काताईंनी उशी दोन्ही हातांनी पुढं धरली होती, आणि त्या दिवशीचं मागणं अजून कुणाकडून आलेलं नव्हतं.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "दहाच. आणि कुणाला सांगायचं नाही."

"माझ्या सुनंला बी न्हाई सांगत. ती तर मला दारातनंच हाकलंल."

कुमुदिनीनं उशी निर्जंतुक कापडात नीट गुंडाळली आणि बाळाच्या डोक्याखाली अलगद सरकवली. वरून दुपट्याची घडी आली. दिसायला काहीच दिसत नव्हतं. बाळानं ओठ चोखल्यासारखे हलवले आणि पुन्हा झोपलं. तेवढ्यात सात नंबरच्या बाळाचा श्वास अडखळला, धोक्याची घंटा वाजली, आणि ती तिकडं धावली.

सात नंबर सावरायला वेळ लागला, आणि उशीची दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. इकडं चार नंबरची औषधाची सिरिंज संपत आली होती. ती रेश्मा नदाफनं बदलली. रेश्मा तेवीस वर्षांची, इचलकरंजीची. आठ महिन्यांपूर्वी आली तेव्हा सुई धरताना हात कापायचा, आणि कुमुदिनीनंच तिला सिरिंज खिडकीकडं धरून, टिचकी मारून, हवा वर आणून बाहेर काढायला शिकवलं होतं. "टोपडं बघेल म्हणून तू बघायचं सोडू नकोस," असं रोज बजावलं होतं. महिनाअखेर तिची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती.

अकरा बेचाळीसला सिरिंज बदलली. अकरा चव्वेचाळीसला टोपडं वाजलं.

कुमुदिनी चार नंबरकडं पोचली तेव्हा पडद्यावर काळ्याभोर शिरेत पांढरे ठिपके वर चढत होते. एक, तीन, मग मोजता न येण्याइतके. तिचा डावा हात आधी गेला तो उशीकडं. उशी ओढून काढली, एप्रनच्या खिशात गेली. उजव्या हातानं नळी बंद केली. बाळाचं डोकं सपाट झालं. हे सगळं चार सेकंदांत झालं, आणि त्यातला उशीचा भाग कुणीही बघितला नाही.

"ताई," रेश्मा मागून म्हणाली. "मी टिचकी मारून बघितलं होतं. नव्हता बुडबुडा."

डॉक्टर हेरवाडे आले. पडद्याच्या कोपऱ्यात टोपड्यानं आपलं म्हणणं लिहूनसुद्धा टाकलं होतं. गादीचा कल शून्य. आत गेलेली हवा अंदाजे अर्धा मिलिलिटर. कारण, सिरिंज बदलताना राहिलेली हवा. नाव, नदाफ आर.

"अर्धा मिली!" डॉक्टर पुटपुटले. "एवढ्याशा जिवाला? रेश्मा, अगं, अर्धा मिली डोळ्यांना दिसत नाही का?"

"दिसतो, सर."

"मग?"

रेश्मानं पडद्याकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं. "असेल, सर. मला दिसला नसेल. टोपडं म्हणतंय तर असेलच."

पोरीनं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कुमुदिनीच्या देखत खाली ठेवून दिला होता.

डॉक्टर फोनवर बोलत होते. हवा रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मेंदूकडं चढली, तीही गादी सपाट असताना, म्हणजे आत हृदयात तिचा मोठा साठा असणार. इथं उपाय नव्हता. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाबाची खोली होती, हवेचा दाब वाढवून बुडबुडे विरघळवणारी. बाळाला तिथं न्यायचं. वाटेत सव्वा तास शुद्ध प्राणवायू द्यायचा, म्हणजे बुडबुडे आक्रसत जातील.

बाहेरून वैजयंता आत आली होती. बाळंतपणाचा थकवा अजून अंगात, कानाला रुमाल बांधलेला. "डॉक्टर, काय झालंय? खरं सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी थांबून म्हणाले, "अजून एक. एवढ्या कोवळ्या बाळाला इतका प्राणवायू दिला की डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो. दृष्टी जाऊ शकते. पण सध्या जीव आधी."

वैजयंता चार नंबरच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

कुमुदिनी खिशातली उशी मुठीत धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं, इथल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त. टोपड्याला गादीचा कल कळत होता. उशी कळत नव्हती. सपाट गादीवर हवा वर चढायला साठा मोठा लागतो, हे त्याचं गणित बरोबरच होतं. पण डोकं दोन बोटं उंच असलं तर? मग हवा हलकी, ती उंचीकडंच पळणार. एखादा कणभर बुडबुडा, जो प्रत्येक सिरिंजमागं नळीच्या सांध्यात राहतोच, जो एरवी निमूट फुप्फुसात जाऊन विरतो, तोही मानेच्या शिरेतून उलटा चढणार. म्हणजे आत साठा नाही. म्हणजे एवढा प्राणवायू नको. म्हणजे कोल्हापूरही नको.

आणि तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिला आता कुणी काही मागत नव्हतं, हीच अडचण होती. 'ताई, खरं सांगा' असं कुणी म्हटलं असतं, तर ती त्या क्षणी बोलली असती. पण तिच्यावर कुणाचा संशयच नव्हता. एकतीस वर्षांचं नाव होतं. दारात आक्काताई तोंडाला पदर लावून तिच्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत विनवणी होती ती गप्प राहण्याची.

बाहेर ॲम्ब्युलन्सचं दार उघडल्याचा आवाज आला. रेश्मा बाळाला गुंडाळायला दुपटं पसरत होती. पसरता पसरता ती बाळाला म्हणाली, "माफ कर हं राजा मला."

"सर, थांबा," कुमुदिनी म्हणाली. "रेश्माचं काही चुकलेलं नाही." तिनं खिशातून उशी काढून खाटेवर ठेवली. "ही त्याच्या डोक्याखाली होती. मी ठेवली होती. वाजल्याबरोबर मीच काढली."

क्षणभर कुणालाच अर्थ लागला नाही. मग डॉक्टरांनी उशी उचलली, दोन बोटांत दाबून जाडी बघितली. एवढ्याशा मानेला तो डोंगरच होता.

"सिस्टर, तुम्ही?"

"मी."

पडद्यापाशी जाऊन डॉक्टरांनी गादीच्या कलाचा आकडा स्वतःच्या हातानं बदलला. डोकं वर, वीस अंश. मग टोपड्यानं आपलं सगळं म्हणणं बदललं. आत गेलेली हवा अर्ध्या मिलीचा विसावा हिस्सा. कारण, सांध्यात राहिलेली नेहमीची हवा.

"कपाटातलं हातातलं यंत्र आणा," डॉक्टर म्हणाले. टोपडं आल्यापासून ते धूळ खात पडलं होतं. रेश्मानं पुसून आणलं. डॉक्टरांनी ते बाळाच्या छातीवर धरून हृदय बघितलं, एकदा, मग पुन्हा. "साठा नाही. आत काही नाही. ॲम्ब्युलन्स दारात राहू दे. डोकं जरासं खाली घ्या. प्राणवायू थोडाच. वीस मिनिटं बघू."

ती वीस मिनिटं सगळे उभेच होते. पडद्यावर एकतीस ठिपके होते. मग चोवीस झाले. एक ठिपका शिरेच्या वळणावर अडून बसला तो हलेचना, आणि कुमुदिनीच्या ओठांत णमोकार मंत्र आपोआप सुरू झाला. शेजारी रेश्माचेही ओठ हलत होते. ठिपका थरथरला, बारीक झाला, गेला. बारा. सात. मग बाळानं भलीमोठी जांभई दिली, आणि आक्काताईंना हुंदका फुटला.

पडदा पूर्ण काळा झाल्यावर वैजयंता वळली. आधी सासूकडं. "आत्याबाई, उशी तुमची."

"माझीच गं. मीच पाया पडले सिस्टरच्या."

मग कुमुदिनीकडं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तुम्हाला समजत होतं. आत्याबाईंना न्हवतं समजत. तुम्ही आता त्याला हात लावू नका."

"नाही लावणार," कुमुदिनी म्हणाली.

रेश्मा तिला स्टोअरच्या खोलीत गाठून भेटली. डोळे लाल, पण रडून नव्हे. "तुम्ही किती वेळ गप्प होता, ताई?"

"सात मिनिटं असतील."

"मी घड्याळ बघितलंय. अकरा." ती कापसाच्या पुड्यावरचा कागद सोलत राहिली. "अकरा मिनिटं मला वाटत होतं, मी त्याला आंधळं केलं. मी बघितलं होतं ना, ताई, डोळ्यांनी! तरी म्हणाले, माझंच चुकलं."

कुमुदिनीनं माफी मागितली. रेश्मानं मान हलवली, पण ती होय होती की नाही, ते कळलं नाही. पुडा घेऊन ती निघून गेली.

चौकशी बसली. ती संपेपर्यंत कुमुदिनीला कक्षात यायला मनाई होती. तिनं घडलं तसं चार पानांत लिहून दिलं. डॉक्टरांनी ते टोपडं बनवणाऱ्यांना धाडलं, तर तिकडून दुसऱ्याच दिवशी फोन. गादीऐवजी डोक्याचाच कल मोजायचा, हे कुणाला सुचलं कसं नाही, असं ते एकमेकांनाच विचारत होते म्हणे.

बस्तीत जाऊन तिनं माताजींना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे मोडायला नको होतं ते मागणं आजीचं नव्हतं, कुमुद. ज्याला बोलता येत नाही त्याचं होतं." ती घरी येऊन नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवली.

कक्षाची मनाई असली तरी रोज ड्यूटीच्या वेळेला ती दवाखान्यात यायची. आत जायची नाही. कक्षाच्या काचेबाहेर बाक होतं, त्यावर बसायची. भूपालराव म्हणाले, "काय करतेस तिथं बसून?" ती म्हणाली, "बसते." त्यांनी मग डब्यात दोन पोळ्या जास्त द्यायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाले, "बाकावर कुणी ना कुणी असतंच."

पाचव्या दिवशी बाकावर वैजयंता होती. दूध काढून आत पाठवलं होतं आणि काचेतून बघत बसली होती. कुमुदिनी उभीच राहिली. वैजयंता बघेना, पण बाकाच्या टोकाकडं थोडी सरकली, तशी कुमुदिनी शेजारी टेकली. तेवढ्यात आत रेश्मा चार नंबरपाशी आली. औषधाची नवीन सिरिंज हातात होती.

रेश्मानं काचेबाहेर कोण आहे ते बघितलं. मग तिनं तोंड खिडकीच्या उजेडाकडं केलं, सिरिंज डोळ्यांसमोर धरली, टिचकी मारली. पुन्हा मारली. पडद्याकडं तिनं बघितलंही नाही. तिचं बघून होईपर्यंत बघितलं, आणि नळी जोडली.

वैजयंता काचेकडं वाकली. "ते काळंच राहतंय न्हवं? काळं म्हणजे चांगलं?"

"काळं म्हणजे रक्त चालू आहे. काळं चांगलं," कुमुदिनी म्हणाली.

पडदा काळा होता. मग अगदी कडेला एक ठिपका चमकला.

वैजयंतानं न बघताच शेजारचा हात पकडला, नखं रुतेपर्यंत. "सिस्टर!"

"थांब. डोकं सपाट आहे त्याचं. बघ, खालीच चाललाय." ठिपका शिरेच्या काठानं खाली घसरला, विझला. "असे येतात, बाई. आधीपण यायचे. तू जन्मलीस तेव्हा, मी जन्मले तेव्हा. आम्हाला दिसत नव्हते एवढंच."

आत रेश्मानं वाकून बाळाच्या टोपड्याची कड सरळ केली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. वैजयंता एकटक बघत होती. कुमुदिनीचा हात तिच्या मुठीत तसाच होता, आणि नखांची पकड हळूहळू सैल होत गेली तरी तिनं तो सोडला नाही.